वळचणीचे पाणी

दिवाळीच्या अंकात भांडणाचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. परंतु आमच्या कोकणात गडगे घालण्याचा हंगाम आणि दिवाळी जवळजवळ एकदमच येतात, त्याला मी काय करणार? पावसाने ढासळलेला गडगा दसरा उलटला की पुन्हा रचायचा, अंगण चोपायचे, परसातल्या पाटातला गाळ काढायचा, आणि नेमका ह्याच वेळी शेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहतो व म्हणतो, "दगड वीतभर अलीकडे आला हो तुमचा!" मग फराळाची ताटे ह्या घरातून त्या घरात जायची थांबतात.

गादीसाठी भाऊ भावाशी कसा लढला, हे आपल्याला शाळेत शिकवतात. पन्हळीसाठी शेजारी शेजाऱ्याशी कसा लढला, हे कोणी सांगत नाही. वास्तविक गादीचे भांडण एखाद्या घराण्याच्या वाट्याला येते. पन्हळीचे घरोघरी असते. तेव्हा ह्या दुसऱ्या लढाईत आपल्या पूर्वजांनी तह कसे केले, ते पाहण्याचा नाद मला लागला आणि जुने ग्रंथ चाळताना पहिलीच गाठ पडली ती कौटिल्याशी.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना १९०५ साली अर्थशास्त्राची पोथी मिळाली व १९०९ साली त्यांनी ती छापली. पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली; तिचा पहिला भाग १९६० साली निघाला. ग्रंथाच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत, पण तो दीड हजार वर्षांहून जुना आहे एवढे आपल्याला पुरे. कौटिल्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विषकन्या, हेर आणि सुटलेली शेंडी येते. प्रत्यक्षात तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायात हा गृहस्थ एखाद्या म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरप्रमाणे हातात मोजपट्टी घेऊन दोन घरांच्या सांदीत उभा आहे!

नवे घर बांधायचे तर परक्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी, म्हणजे दोन हात, किंवा तीन पदे जागा सोडून पाया घाला. खोल वाहणारा किंवा वरून धबधबा पडणारा पाण्याचा मार्ग शेजाऱ्यापासून तीन पदे अथवा दीड हात दूर ठेवा. न ठेवल्यास चोपन्न पण दंड. गाडी, गुरे, चूल, पाण्याचा रांजण, दळणकांडण यांना एक हात पुरे. न सोडल्यास चोवीस पण. दोन घरांच्या वळचणींमध्ये चार अंगुळे अंतर असावे, नाहीतर एक वळचण दुसरीवर चढवावी. शेजाऱ्याची भिंत पाण्याने खराब केली तर बारा पण दंड. मलमूत्राने केली तर दुप्पट. पाऊस पडत असताना पन्हळ मोकळी वाहू द्यावी. तिथे अडवाअडवी केली तर पुन्हा बारा पण.

बारा पण म्हणजे किती? ह्याच ग्रंथात शेतावरच्या मजुराला जेवणाखेरीज महिना सव्वा पण रोख द्यावा असे सांगितले आहे. म्हणजे शेजाऱ्याची भिंत भिजवणे हे मजुराच्या साडेनऊ महिन्यांच्या रोख कमाईएवढे महाग होते. एवढा दंड आज बसू लागला तर पुष्कळांच्या पन्हळी रातोरात वळतील.

मला मात्र दंडांपेक्षा दोन बारीक गोष्टींचे अधिक कौतुक वाटले. पहिली अशी की दोन घरांच्या मधल्या सांदीत एक लहानसे दार ठेवावे. कशासाठी, तर पडझड झालेल्या भिंतीची डागडुजी करायला माणूस आत शिरला पाहिजे. ज्याने हा नियम केला त्याने सांदीत अडकलेला गवंडी नक्की पाहिला असणार. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ही सगळी मापे देऊन झाल्यावर कौटिल्य म्हणतो की घरमालकांनी आपसांत मिळून हवे तसे बांधावे आणि नको ते टाळावे. मापे आहेत ती एकमत न होणाऱ्यांसाठी.

स्मृतिकारांनी हाच धागा पुढे नेला. सीमेचा वाद ज्येष्ठात, खुणा स्पष्ट दिसतात तेव्हा निवडावा, असे मनुस्मृती सांगते. रान वाळलेले, गवत नाही, पाऊस अजून यायचा. ज्येष्ठाची निवड ज्याने केली तो जमिनीवर चाललेला माणूस होता. वड, पिंपळ, पळस लावून सीमा दाखवावी; आणि झाडे तुटतात म्हणून जमिनीच्या पोटात दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे पुरून ठेवावेत, म्हणजे उकरले की साक्ष मिळते. घर, विहीर, बाग, शेत यांच्या हद्दीचा निर्णय शेजाऱ्यांच्या साक्षीवरून करावा. बृहस्पती आणि कात्यायन ह्या स्मृतिकारांनी खिडक्या, पन्हळी, पाण्याच्या वाटा यांचा खास विचार केला आहे. वस्ती बसली तेव्हापासून असलेली पन्हळ हलवू नये. नवे उकिरडे आणि खड्डे मात्र दुसऱ्याच्या भिंतीला खेटून करू नयेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या वचनांची नीट दखल घेतली आहे. काणे मूळचे चिपळूणकडचे. गडग्याच्या भांडणाची गोडी त्यांना ग्रंथांवाचूनही ठाऊक असणार!

मराठेशाहीत हे वाद गोतसभेपुढे जात. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांची माणसे जमत, जागेवर जाऊन पाहत आणि ठरले त्याचा महजर होई. त्यावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या उमटत. डॉ. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात ह्या कारभाराचा तपशील भरपूर आहे. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य करीत. ह्या पद्धतीला आपण उगाच सोन्याचा मुलामा देऊ नये. गावाच्या सीमेविषयी महाराची साक्ष मोलाची मानत, कारण सीमा राखणे हे त्याचेच काम. पण जिची हद्द तो अचूक दाखवी त्या गावठाणात त्याला घर बांधायला जागा नव्हती. वाद हद्दीचा असला तरी सगळ्याच हद्दींवर वाद घालण्याची मुभा नव्हती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीची उपयुक्तता मान्य केली आणि काही काळ ती चालूही ठेवली. परंतु १८२७ चे कायदे आले, कोर्टे आली, आणि भांडण वाडीतून उठून तालुक्याला जाऊ लागले. १८८२ साली ईझमेंट ॲक्ट, म्हणजे सुविधाधिकाराचा कायदा झाला. त्याच्यामागचा मुख्य हात व्हिटली स्टोक्स यांचा. हे गृहस्थ जुन्या आयरिश भाषेचे नामांकित पंडित होते. मुंबई इलाख्यात हा कायदा १८९१ साली लागू झाला आणि आजही तो आपल्याला लागू आहे.

कायदा रुक्ष आहे, पण गडगेवाल्यांनी त्यातल्या दोन गोष्टी पाठ कराव्यात. वरच्या जमिनीवर आपोआप पडणारे व पसरून वाहणारे पाणी खालच्याने उताराप्रमाणे जाऊ दिले पाहिजे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे इथे कायद्यानेच मान्य केले. दुसरी गोष्ट आधाराची. आपल्या जमिनीला शेजारच्या मातीचा जो आधार असतो तो शेजाऱ्याने खणून काढून घ्यायचा नाही. मात्र हा हक्क नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीचा. भर घालून अंगण उंच केले असेल, तर त्या जादा भारासाठी हा हक्क आपोआप मिळत नाही. तो आधार वीस वर्षे शांततेने आणि अखंड भोगलेला असावा लागतो. शेतीच्या बाबतीत १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदाही आहे: पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला आणि शेताचे नुकसान होऊ लागले, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दावा करता येतो.

आमच्या वाडीतल्या दोन घरांनी हा सगळा कायदा अंगावर घेऊन पाहिला. वरच्या घराने अंगणात दोन हात भर घातली आणि जुना जांभ्याचा सुका गडगा काढून सिमेंटने सांधलेली भिंत उभी केली. खालच्या घराने गोठ्यासाठी त्याच भिंतीच्या पायथ्याशी चर खणला. सुक्या गडग्याच्या फटींतून पाणी झिरपून जायचे. नव्या भिंतीला एकही भोक नव्हते. आषाढात मागची माती भिजून जड झाली, भिंतीने पोट काढले आणि एका रात्री ती गोठ्यावर कोसळली. एक म्हैस मेली. खालचे म्हणाले, तुमच्या भरावाने. वरचे म्हणाले, तुमच्या चराने. दोघेही खरे बोलत होते, आणि त्यामुळेच दावा अकरा वर्षे चालला. दोन्ही म्हातारे तोवर गेले. एकाच्या तेराव्याला दुसऱ्या घरातून कोणी आले नाही.

निकालाची वाट पाहून कंटाळलेल्या मुलांनी अखेर एका वयस्क गवंड्याला बोलावले. ज्येष्ठात बोलावले तर तो म्हणाला, "आत्ता काय बघू? पाऊस लागला की येतो." आणि खरोखरच भर पावसात, खोळ पांघरून, तो दोन तास त्या पडक्या भिंतीशी उभा राहिला. हद्द कोणाची हे त्याने विचारलेच नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जायला बघते, तेवढे पाहिले. दिवाळीनंतर त्याने भरावाच्या मागे दगडगोट्यांचा थर दिला, भिंतीला हात-हात अंतरावर भोके ठेवली, पायथ्याचा चर बुजवून दोन हात अलीकडे फरसबंद पाट काढला आणि गोठा व भिंत यांच्यामध्ये माणूस शिरेल एवढी जागा सोडली. मी त्याला कौटिल्याच्या सांदीतल्या दाराची हकीकत सांगितली. "एवढ्यासाठी चाणक्य लागतो होय?" असे म्हणून तो चिरा तासू लागला.

खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला. दावा काढून घेतला. तडजोडीच्या कागदात वकिलांनी पुष्कळ काही लिहिले आहे, पण पाळले जाते ते शेवटचे कलम: मृगाच्या आधी पाटातला गाळ एक वर्ष वरच्यांनी काढायचा, एक वर्ष खालच्यांनी. गेल्या साली पाळी खालच्यांची होती. घरात आजारपण असल्याने त्यांना जमले नाही, तेव्हा वरच्यांचा धाकटा मुलगाच फावडे घेऊन उतरला.