वार्धक्यातील औषधयोजना

वयपरत्वे मूत्रपिंडांची उत्सर्जनक्षमता घटते व अनेक औषधे शरीरात अधिक काळ टिकतात. त्यामुळे प्रौढांना मानवणारी मात्रा वृद्धांना अपायकारक ठरू शकते. ब्रिटनमध्ये १९८० साली ‘ओप्रेन’ या नावाने विक्रीस आलेल्या बेनॉक्साप्रोफेन या संधिवातावरील औषधाने हे सत्य प्रकर्षाने पुढे आणले. वृद्धांच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडे. ते घेणाऱ्या अनेक वृद्धांचा यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला आणि १९८२ मध्ये ते मागे घेण्यात आले.

अमेरिकेत शुश्रूषागृहांतील रुग्णांच्या औषधांचे फार्मासिस्टकडून दरमहा परीक्षण १९७४ पासूनच आवश्यक करण्यात आले होते. तथापि कोणती औषधे टाळावीत, याचा सर्वमान्य निकष नव्हता. मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती १९९७ मध्ये शुश्रूषागृहांबाहेरील वृद्धांनाही लागू करण्यात आली. ही यादी म्हणजे मनाई नव्हे. रुग्णागणिक तारतम्य वैद्यानेच राखावयाचे असते. मात्र नवे औषध देण्याइतकेच अनावश्यक औषध थांबविणे हेही चिकित्सेचे अंग होय, ही दृष्टी तिच्यामुळे दृढ झाली.