बीपीची गोळी आणि दारावरची आशाताई

आजचा इतिहास फार जुना नाही, साधारण ५५ वर्षांचा आहे. आणि प्रश्न अगदी घरातला आहे: ज्या आजारात काही दुखतच नाही, त्याची गोळी माणूस रोज कशाला घेईल?

बीपी आणि शुगरचं हेच तर आहे. तापाची गोळी घेतली की ताप उतरलेला कळतो. बीपीची गोळी घेतली तर काहीच कळत नाही. मग महिनाभराने पाकीट संपतं, 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद होते, आणि काही वर्षांनी लकवा किंवा हार्ट अटॅक येतो. डॉक्टर गोळी लिहून देऊ शकतो. पण पुढच्या महिन्यात घरी येऊन 'घेतलीत का?' हे कोण विचारणार?

यासाठी आधी जामखेडला जाऊ. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात काम सुरू केलं. त्यांनी गावागावातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. यातल्या अनेक जणी दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. बाळंतपण, मुलांचं कुपोषण हे त्यांचं काम होतंच, पण टीबी आणि कुष्ठरोगाचे पेशंटही त्या सांभाळायच्या. हे आजार महिनोन् महिने औषध घ्यायला लावणारे. म्हणजे 'गोळी मध्येच सोडू नका' हे सांगत परत परत त्याच दारात जाण्याची सवय तिथे तेव्हाच लागली होती. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने देशभर अशीच योजना आणली. दर हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक, महिना ५० रुपये मानधन. पण निवड झाली ती बहुतेक पुरुषांची, पाठबळ कमी पडलं, आणि योजना हळूहळू विझली.

मग २००५ मध्ये आल्या आपल्या आशाताई. पुन्हा तेच माप, साधारण हजार लोकांमागे एक, पण या वेळी गावातलीच बाई. पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला लस मिळाली, की त्या कामाचे पैसे.

आता मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला इथे एक गोष्ट लगेच दिसते. ही सगळी सिस्टिम 'घटना' मोजण्यासाठी बनवलेली होती. लस दिली, नोंद झाली, विषय संपला. बीपीमध्ये विषय संपतच नाही. तिथे मोजायची गोष्ट एकच: पेशंट अजून उपचारावर आहे का?

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत आशाताईंकडे ३० वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरायचं काम आलं. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, याचे गुण. बेरीज ४ च्या वर गेली की आधी तपासणीला पाठवायचं. तपासणी उपकेंद्रात, औषध सरकारी दवाखान्यातून.

त्याच सुमारास, २०१७ च्या अखेरीस, पाच राज्यांत बीपी नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिले जिल्हे. यात 'सिंपल' नावाचं ओपन सोर्स ॲप वापरलं गेलं. त्याचा हिशेब मला फार आवडतो. जो पेशंट परत आलाच नाही, तो यादीतून गायब होत नाही, तो 'आला नाही' म्हणून दिसत राहतो. मग त्याला फोन करायचा, नाहीतर घरी जायचं.

घरी जाण्याने खरंच फरक पडतो का? बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण भागांत बीपीच्या २,६०० हून जास्त पेशंटवर याचा अभ्यास झाला. सरकारी आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजवायच्या, गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवायच्या. डॉक्टरांनाही ट्रेनिंग दिलं होतं. दोन वर्षांनी या लोकांचं वरचं बीपी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरलं होतं. एका माणसासाठी आकडा लहान वाटतो, पण अख्ख्या तालुक्यात एवढं उतरलं तर कितीतरी लकवे टळतात.

आता पैशांचं बघू. केंद्राच्या नियमावलीत फॉर्मचे १० रुपये, आणि एका पेशंटच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचे ५० रुपये. भागाकार करा: महिन्याला साधारण ८ रुपये. आंदोलनं झाली, महाराष्ट्रात मासिक मानधन वाढलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरवही केला. पण परत परत दारात जाण्याची किंमत आपण अजून नीट लावलेली नाही, असं मला वाटतं. जामखेडने ५० वर्षांपूर्वी दाखवलं होतं की औषधाइतकंच हे जाणं महत्त्वाचं आहे.

तर मंडळी, आशाताई फॉर्म घेऊन आल्या तर 'आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत' म्हणून परत पाठवू नका. आई-बाबांना बसवा, कमर मोजू द्या, खरी उत्तरं द्या. आणि आज घरी गोळीचं पाकीट एकदा बघा. किती उरल्यात?

भेटू पुढच्या भागात.