शब्दांधत्व आणि शाळा

इ. स. १८९६ मध्ये इंग्लंडातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अंक सहज वाचणाऱ्या या मुलास शब्द मात्र वाचता येत नसत. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर तो शाळेत अग्रेसर ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. दोष मुलाचा की अध्यापनपद्धतीचा, हा प्रश्न त्यातच गर्भित होता. तथापि हिंशेलवुड यांच्या १९१७ च्या ग्रंथापर्यंत या ‘शब्दांधत्वा’चा विचार मुख्यतः वैद्यकाच्या कक्षेतच राहिला. भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन-अक्षमतेस स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते दिले. तिचे लवकर निदान व समावेशक शिक्षण ही मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी ठरविली. त्या शिक्षकाच्या अभिप्रायातील आशयास येथे कायद्याचा आधार मिळण्यास १२० वर्षे लागली.