प्रथिनांची घडण आणि सिकलसेल

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्ले मुख्यत्वे वीस प्रकारची असून त्यांचा क्रम ही प्रथिनाची प्राथमिक संरचना होय. हायड्रोजन बंधांमुळे साखळीचे काही भाग सर्पिल वळणे घेतात, काही चुणीदार पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी मांडले जातात. ही द्वितीयक संरचना. पुढे संपूर्ण साखळी दुमडते, जलविरोधी घटक बहुधा आत दडतात व तृतीयक संरचना सिद्ध होते. अशा अनेक साखळ्या एकत्र आल्या, की चतुर्थक संरचना.

रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात : १४१ घटकांच्या दोन अल्फा व १४६ घटकांच्या दोन बीटा. विदर्भ, नंदुरबार या भागांतील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल आजार उद्भवतो तो बीटा साखळीतील केवळ एका घटकामुळे. सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. विशेष म्हणजे रेणूची घडी फारशी बिघडत नाही. मात्र जलविरोधी व्हॅलिन पृष्ठभागावर उघडे पडते. ऑक्सिजन सोडलेले रेणू परस्परांना चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या, की असह्य वेदना होतात.

ग्लुटामिक आम्लाचा ऋण भार नाहीसा झाल्याने हे हीमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. रुग्ण व वाहक ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी याच फरकावर आधारलेली आहे.