खवट होणाऱ्या तेलाचा इतिहास

जवसाच्या तेलाबद्दल आमच्याकडच्या जुन्या माणसांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असत. एक, हे तेल फार दिवस ठेवलं की खवट होतं. दुसरी, लाकडाला चोळलं की त्याचा चिवट थर बसतो आणि लाकूड पाणी पीत नाही. वरवर पाहता पहिला दोष आहे आणि दुसरा गुण. प्रत्यक्षात ती एकच गोष्ट आहे. आणि आज मेडिकलमध्ये ‘ओमेगा-३’ म्हणून डबीतून जे विकलं जातं, तेही याच गोष्टीचं तिसरं रूप आहे.

थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. तेल म्हणजे मुख्यतः कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत काही ठिकाणी दोन कार्बन अणूंमध्ये एकाऐवजी दोन बंध असतात. अशा दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तिथं हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, आणि ती साखळी शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते. मग शेजारची तिच्या शेजारची. एक ठिणगी पडली की गंजी पेटावी, तसं हे चालतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा. त्याच्या साखळीत असे तीन दुहेरी बंध असतात, आणि टोकाकडून मोजल्यास पहिला तिसऱ्या कार्बनवर येतो, म्हणून ते ओमेगा-३. करडईच्या तेलात प्रामुख्यानं दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल असतं, ते ओमेगा-६. या दोन्ही नावांतलं ‘लिन’ जवसाच्या लॅटिन नावातून, ‘लायनम’मधून आलंय. म्हणजे ज्या आम्लांची आज जगभर चर्चा आहे, त्यांचं बारसं जवसाच्या नावानं झालं.

मराठवाड्यात ही दोन्ही रब्बीची पिकं. काळ्या जमिनीत, पाऊस संपल्यावर, नुसत्या ओलीवर येणारी. करडईला काटे, म्हणून ज्वारीच्या कडेनं तिचे तास पेरायचे, म्हणजे गुरं आत शिरत नाहीत. जवसाचे तास ज्वारी-हरभऱ्यातून जायचे. लातूर-नांदेड भागात जवस खायचं ते मुख्यतः चटणीत. माझी आजी जवस भाजून ठेवायची, पण कुटायची लागेल तेवढंच. ‘कुटून ठिवलं की खौट हुतं,’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. बी अख्खं असेतो टरफल हवेला आत येऊ देत नाही, बी फुटलं की घड्याळ सुरू होतं. ऑक्सिडेशन हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता, पण त्याच्याशी वागायचं कसं हे तिला कळत होतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपला भारतातलं जवस हवं होतं, ते खाण्यासाठी नव्हे. तिथं रंग, वॉर्निश आणि छपाईची शाई या तेलात बनत होती. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं जवसाचं तेल मुद्दाम हवेवर घट्ट करून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवलं. नावातच जवस आणि तेल. मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतून जवसाची पोती जात होती, आणि निजामाच्या राज्यातून निर्यात होणाऱ्या मालातही तेलबिया महत्त्वाच्या होत्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज नांदेडवरून गेली. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातूरला पोचली. मोंढ्यातल्या धान्याला आणि गळिताच्या मालाला बंदराची वाट सापडली. लंडनच्या दारावर रंग टिकावा म्हणून जे तेल निवडलं जात होतं, ते हवेशी भांडतं म्हणूनच निवडलं जात होतं.

हे तेल पोटात गेल्यावर काय करतं, हा प्रश्न विज्ञानानं उशिरा विचारला. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना चरबी पूर्ण वगळलेला आहार दिला. उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली. काही विशिष्ट स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे त्यातून सिद्ध झालं. तोवर स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसतं इंधन, असा समज होता.

गंमत अशी, की नेमक्या याच काळात बाजार उलट्या दिशेनं निघाला होता. तेलात हायड्रोजन घालून दुहेरी बंध बुजवायचे, म्हणजे ते घट्ट होतं आणि महिनोन्महिने खवट होत नाही, ही युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली. १९३७ साली भारतात डालडा आला. पिवळ्या डब्यातलं हे वनस्पती तूप लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलं. टिकाऊपणाची किंमत पुढं कळली. अर्धवट बुजवलेल्या बंधांतून ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक असतं. भारतात खाद्यतेल आणि वनस्पतीतलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणायला जानेवारी २०२२ उजाडला.

करडईची गोष्ट वेगळी. तिच्या तेलाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हृदयाचं तेल’ म्हणून शहरी प्रतिष्ठा मिळाली, कारण ते कोलेस्टेरॉल कमी करतं. पण १९६६ ते १९७३ या काळात सिडनीत हृदयरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे कागद २०१३ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा करडई तेल घेणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं, मृत्यू मात्र जास्त. एका प्रयोगावरून करडईला दोषी ठरवता येत नाही. पण एक आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असं होत नाही, हे त्यातून नक्की शिकता येतं.

शेतात तोवर सोयाबीन आलं होतं. १९९०च्या दशकापासून त्यानं मराठवाड्याचा खरीप व्यापला आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावासाठी ओळखली जाऊ लागली. रब्बीत हरभऱ्यानं जागा घेतली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण, लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राचं ‘एलएसएल-९३’ हे जवसाचं वाण, अशी कामं होत राहिली. पण उतारा कमी, काढणी जिकिरीची आणि भावाची खात्री नाही, अशा पिकाला शेतकऱ्यानं कशाच्या भरवशावर धरून ठेवायचं? शिवाय महिनाभर प्रवास करून दुकानात वर्षभर बसणाऱ्या तेलाच्या बाजारात जवसाला मुळातच जागा नव्हती.

तिकडं १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडच्या इनुइट लोकांचं रक्त तपासलं आणि त्यांच्या मासे-सीलच्या आहारातल्या ओमेगा-३चा संबंध हृदयाशी जोडला. त्याआधीच, १९५६ साली, डेनम हार्मन यांनी मांडलं होतं की शरीरात तयार होणारे फ्री रॅडिकल्स पेशींची झीज करतात. तेल खवट होण्याची जी साखळी-प्रक्रिया वर सांगितली, तीच पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांत होते. यालाच आज ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. म्हणजे ओमेगा-३ हे पेशीला हवंही असतं आणि पेशीत सर्वांत आधी पेट घेणारंही तेच. शरीर हा धोका व्हिटॅमिन ई आणि स्वतःच्या एन्झाइम्सच्या बळावर सांभाळतं. कॅप्सूलमध्येही म्हणूनच बहुधा व्हिटॅमिन ई घातलेलं असतं.

मग कॅप्सूल घ्यावी का? लातूरला माझ्या आत्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांशेजारी ही सोनेरी कॅप्सूल येऊन बसली, तेव्हा तिनं मला फोनवर हेच विचारलं. ‘तू इंजिनिअर, तुला कळत असंल.’ मी सॉफ्टवेअर लिहितो, डॉक्टर नाही. पण झालेले प्रयोग वाचता येतात. १९९९ साली इटलीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११ हजारांहून अधिक लोकांवरच्या ‘गिसी’ चाचणीत ओमेगा-३मुळे मृत्यू घटले, व्हिटॅमिन ईचा मात्र उपयोग दिसला नाही. त्याआधी १९९४ साली फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. २०१८ साली अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ देऊनही हृदयविकाराच्या मोठ्या घटना आणि कर्करोग एकूणात लक्षणीय घटले नाहीत. त्याच वर्षीच्या ‘असेंड’ चाचणीत मधुमेहींचा अनुभवही असाच. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेल्यांना डॉक्टर मोठा डोस देतात, पण मोठ्या डोसनं हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, असंही दिसलंय.

आत्याला मी म्हणालो, ‘तुझ्या डॉक्टरांना विचार, ही कशासाठी दिलीय. आणि बाकीच्या गोळ्या चुकवू नको.’ जवसाची चटणी हे औषध आहे, असंही मी तिला सांगितलं नाही. जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ वेगळं. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर शरीर अगदी थोडंच करतं. चटणी ही भाकरीबरोबर खायची चांगली गोष्ट आहे, एवढं पुरेसं आहे.

मला सलतं ते दुसरंच. हे तेल नाशवंत आहे, हे ओळखून आमच्या भागानं त्याच्याभोवती एक रीत बसवली होती. बी अख्खं ठेवायचं, घाण्यावरून थोडंच तेल आणायचं, चटणी ताजी कुटायची. त्यात पेरणारा, गाळणारा आणि खाणारा एकाच तालुक्यातले होते. टिकाऊ तेलाच्या मागं लागून आपण ती रीत मोडली, आणि आता तोच नाशवंत पदार्थ मेडिकलच्या काउंटरवर जिलेटिनच्या कवचात घालून विकत घेतो. बियाचं टरफल तेच काम फुकट करत होतं. गावोगाव ‘लाकडी घाणा’ लिहिलेल्या पाट्या पुन्हा दिसू लागल्यात, ते बरंच आहे. पण त्या घाण्याला लागणारं जवस आणि करडई लातूर-नांदेडच्या रानात पेरायला परवडेल असा भाव मिळाला, तरच त्या पाटीला अर्थ.