संधिवात : पेशींचे स्थलांतर आणि सांध्यांची हानी

रक्तातील संरक्षक पेशी रक्तवाहिनीबाहेर पडतात, सांध्याच्या अस्तरात शिरतात आणि तेथेच मुक्काम ठोकतात. त्यातून आधी सांधा सुजतो व पुढे कूर्चा आणि हाड खाल्ले जाते. या घटनाक्रमाला संधिवातातील पेशींचे स्थलांतर म्हणतात. आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, चिकुनगुन्यानंतरचा संधिवात, गाऊट आणि सोरायसिसबरोबर येणारा संधिवात या सर्वांत ते आढळते. कोणत्या पेशी आल्या आणि किती काळ राहिल्या, यावर आजाराचे रूप ठरते. सूज पेशींच्या येण्याने चढते. सांध्याची कायमची हानी त्यांच्या मुक्कामाने होते. उपचार लवकर का हवेत, याचे उत्तर या फरकात आहे.

निरोगी सांधा

हलणाऱ्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. त्याला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी अवस्थेत या अस्तराची जाडी एक ते तीन पेशींच्या थरांएवढीच असते. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. मॅक्रोफेज मृत पेशींचा व इतर कचरा गिळतात, तर फायब्रोब्लास्ट सांध्यातील वंगणद्रव तयार करतात. अस्तराखाली सैल ऊती आणि बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्वचेसारख्या इतर अस्तरांच्या तळाशी असणारा घट्ट पडदा येथे नसतो, म्हणून रक्तातून आलेल्या पेशींना सांध्याच्या पोकळीपर्यंत पोहोचायला फारसा अडसर होत नाही.

निरोगी सांध्यातील द्रवाच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी २०० पेक्षा कमी असतात. आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातून सुईने काढलेल्या द्रवात हा आकडा २,००० च्या वर, कधी ५०,००० च्या घरातही जातो. द्रव गढूळ दिसतो आणि त्याचा चिकटपणा कमी झालेला असतो. वयोमानानुसार होणाऱ्या गुडघेदुखीत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, ही संख्या सहसा २,००० च्या आतच राहते. दोन्ही रुग्ण ‘गुडघे धरले’ असेच सांगतात, परंतु सांध्याच्या आत चाललेले काम वेगळे असते.

स्थलांतराचे टप्पे

पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडतात त्या मुख्यतः केशवाहिन्यांच्या लगेच पुढे असणाऱ्या बारीक नीलांमधून. अस्तरात दाह सुरू झाला की टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांसारखी संदेशद्रव्ये नीलेच्या आतील पेशींना चेतवतात. चेतवलेल्या पेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाची प्रथिने काढतात. वाहत जाणारी पांढरी पेशी या प्रथिनांना निसटती पकडते, सुटते, पुन्हा पकडते. तिचा वेग मंदावतो आणि ती भिंतीलगत घरंगळू लागते.

घरंगळत असताना तिला भिंतीवर चिकटलेली केमोकाइन ही आकर्षक द्रव्ये भेटतात. त्यांच्या स्पर्शाने पेशीवरील इंटिग्रिन प्रथिने आकार बदलतात आणि भिंतीवरील आयसीएएम-१ व व्हीसीएएम-१ या रेणूंना घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते, भिंतीच्या दोन पेशींमधील फट शोधते आणि त्यातून अंग चोरून बाहेर सरकते. पुढे ऊतीत ती ज्या दिशेला केमोकाइन अधिक दाट, त्या दिशेला चालत जाते. पायात काटा मोडला तरी हाच क्रम घडतो, आणि तो शरीराला वाचवतो. जखमेतील काम संपले की तेथील पेशी मरतात वा निघून जातात. आमवातात मात्र बोलावणे थांबत नाही. आलेली प्रत्येक पेशी नव्या पेशींना हाक मारणारी द्रव्ये सोडते.

येणाऱ्या पेशी

न्यूट्रोफिल सर्वांत आधी आणि सर्वाधिक संख्येने येतात. सांध्याच्या द्रवात त्यांचेच प्राबल्य असते. उंदरांवरील प्रयोगांत त्यांची साखळी उलगडली आहे. पूरक प्रथिनांतील सी-५-ए हा तुकडा न्यूट्रोफिलला जागवतो, न्यूट्रोफिल ल्यूकोट्रायीन बी-४ सोडतो, त्याने आणखी न्यूट्रोफिल खेचले जातात, त्यांतून इंटरल्युकिन-१ बाहेर पडते आणि मग अस्तरातील स्थानिक पेशीच केमोकाइन बनवू लागतात. मरताना न्यूट्रोफिल आपल्या गुणसूत्रद्रव्याचे जाळे बाहेर फेकतात. त्या जाळ्यात सिट्रुलिनयुक्त प्रथिने असतात आणि आमवाताच्या रुग्णांतील प्रतिपिंडे नेमक्या याच प्रथिनांवर हल्ला करतात. रक्ततपासणीतील ‘अँटी-सीसीपी’ ही चाचणी याच प्रतिपिंडांचा शोध घेते. सांधे दुखू लागण्याच्या काही वर्षे आधीही ही प्रतिपिंडे रक्तात सापडू शकतात.

मोनोसाइट अस्थिमज्जेतून रक्तात आणि सीसीएल-२ या केमोकाइनच्या ओढीने सांध्यात येतात. तेथे त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांचा मोठा साठा तयार करतात. टी व बी लसिकापेशी अस्तराच्या खोल भागात जमतात. काही रुग्णांत त्यांचे पुंजके इतके व्यवस्थित रचले जातात की सूक्ष्मदर्शकाखाली लसिकाग्रंथीचाच एखादा भाग पाहत असल्याचा भास होतो. अशा ठिकाणी प्रतिपिंडे सांध्यातच तयार होऊ लागतात.

स्थानिक पेशींचे आक्रमण

फायब्रोब्लास्ट या मूळच्या घरच्या पेशी. आमवातात त्यांची संख्या आणि वागणूक दोन्ही बदलतात. अस्तर दहा-बारा थरांपर्यंत जाड होते आणि कूर्चेच्या कडेवरून आत पसरू लागते. या पसरणाऱ्या ऊतीला पॅनस म्हणतात. अस्तरातील फायब्रोब्लास्ट एकमेकांना कॅडहेरिन-११ या प्रथिनाने धरून असतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत संधिवात सौम्य राहतो, असे बोस्टन येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले.

२००९ मध्ये जर्मनीतील गीसन येथील गटाने याहून चकित करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या त्वचेखाली एका बाजूला मानवी कूर्चा आणि आमवाताच्या रुग्णाचे फायब्रोब्लास्ट बसवले. दुसऱ्या बाजूला नुसती निरोगी कूर्चा. काही आठवड्यांनी फायब्रोब्लास्ट रक्तमार्गे दुसऱ्या बाजूला पोहोचले होते आणि तेथील कूर्चेत घुसले होते. एका बोटात सुरू झालेला आजार दोन्ही हातांत आणि पायांत कसा पसरत असावा, याचा एक मार्ग या प्रयोगाने दाखवला.

माणसातही अशा पेशींचा माग लागला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी एका आमवाती रुग्णाच्या बोटाला टोचून घेतलेले रक्ताचे थेंब आठवड्यामागून आठवडे, चार वर्षे तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की आजार उसळण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी रक्तातील बी-पेशी जागृत होतात. पाठोपाठ फायब्रोब्लास्टशी साम्य असणाऱ्या एका वेगळ्या प्रकारच्या पेशींची संख्या वाढते आणि सांधे सुजताच ती रक्तातून घटते. त्या पेशी सांध्यांत गेल्या असाव्यात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

कूर्चा आणि हाड

पॅनसमधील फायब्रोब्लास्ट कोलॅजेन कापणारी विकरे सोडतात आणि कूर्चा विरघळू लागते. हाड खाण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट या बहुकेंद्रकी पेशी करतात, आणि त्याही मुळात स्थलांतरित असतात. मोनोसाइट कुळातील पेशी सांध्यात येतात, फायब्रोब्लास्ट व टी-पेशींकडून मिळणाऱ्या ‘आरएएनकेएल’ या संदेशाने एकमेकींत विलीन होतात आणि हाडाला चिकटून त्यावर आम्ल व विकरे सोडतात. बोटांच्या बुडाच्या सांध्यांत जेथे कूर्चेची कड संपते आणि हाड उघडे असते, तेथे पहिली खाच पडते. क्ष-किरण चित्रात ती कुरतडल्यासारखी दिसते. सूज औषधाने उतरते. पडलेली खाच मात्र क्वचितच भरून येते.

चिकुनगुन्यातील संधिवात

चिकुनगुन्याची भारतातील पहिली नोंद झालेली साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत ती उद्भवली आणि नंतर तीन दशके आजार जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र त्यात होरपळला. विषाणूचा हा प्रकार पूर्वीच्या आशियाई कुळातला नसून आफ्रिकी कुळातला असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवले. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यात रुग्ण पुन्हा वाढले.

या आजारात विषाणू सांध्याच्या ऊतींत पोहोचतो आणि सीसीएल-२ च्या ओढीने मोनोसाइट मोठ्या संख्येने मागोमाग येतात. उंदरांत या केमोकाइनची निर्मिती रोखली की सूज कमी होते. त्यांच्यातील सूज टिकवण्यात टी-पेशींचाही वाटा असतो. बहुतेक रुग्णांत आलेल्या पेशी काही आठवड्यांत ओसरतात आणि सांधा पूर्ववत होतो. काहींचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. रियुनियन बेटावरील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात संसर्गानंतर दीड वर्षाने विषाणूचे अंश आणि मॅक्रोफेज आढळले होते. तरीही चिकुनगुन्यात हाडाला खाचा पडणे विरळाच. ताप उतरल्यावर सूज तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर चिकुनगुन्याच्या आडून आमवात सुरू झाला आहे का, हे तपासावे लागते.

महाराष्ट्रातील अभ्यास

पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. खेड्यातील लोकांना संधिवात कमी होतो, हा समज या आकड्याने मोडला.

पेशींच्या पातळीवरचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाले. डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की इंटरल्युकिन-३ हे संदेशद्रव्य ऑस्टिओक्लास्ट होऊ घातलेल्या पेशींना त्या वाटेवरून कायमचे वळवते आणि त्यांचे मॅक्रोफेज बनवते. २०११ मध्ये याच गटाने उंदरांतील संधिवात इंटरल्युकिन-३ ने सौम्य होतो आणि दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात, हे मांडले. २०१७ मध्ये त्यांनी या द्रव्याची आणखी एक बाजू प्रसिद्ध केली. मानवी मूलपेशींवर सीएक्ससीआर-४ हा ग्राही वाढवून ते त्यांचे स्थलांतर वाढवते. यातून स्थलांतराची दुसरी शक्यता पुढे येते : हानी करणाऱ्या पेशी जशा प्रवास करतात, तशाच दुरुस्तीला उपयोगी पडू शकणाऱ्या पेशींनाही प्रवास घडवता येतो.

उपचार

स्थलांतर थेट रोखण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी ठरलेले नाहीत. सीसीआर-२ आणि सीसीआर-५ हे केमोकाइन-ग्राही अडवणारी औषधे आमवाताच्या चाचण्यांत निष्प्रभ ठरली, कारण एक वाट बंद झाली की पेशी दुसरी वाट धरतात. सोरायसिससाठी वापरले जाणारे एफालिझुमॅब हे इंटिग्रिन अडवणारे औषध मेंदूच्या गंभीर संसर्गामुळे २००९ मध्ये मागे घ्यावे लागले.

यश मिळाले ते बोलावणाऱ्या संदेशांना आवर घालून. लंडनमध्ये मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये टीएनएफविरोधी इन्फ्लिक्सिमॅब पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांना दिले. त्याच शहरातील पुढच्या अभ्यासात रुग्णांच्या न्यूट्रोफिलना किरणोत्सारी इंडियम लावून त्यांचा प्रवास मोजला गेला. उपचारानंतर सांध्याकडे जाणाऱ्या पेशी स्पष्टपणे घटल्या होत्या. नेहमीच्या औषधांचाही या प्रवासाशी संबंध आहे. मेथोट्रेक्सेट अ‍ॅडेनोसिन वाढवून पेशींचे चिकटणे कमी करते. स्टिरॉइड घेतल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली दिसते, याचे एक कारण म्हणजे वाहिनीच्या भिंतीला धरून असलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. गाऊटमध्ये दिले जाणारे कोल्चिसिन न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते.

पेशींचे स्थलांतर शरीराच्या रक्षणासाठीही लागते. फुप्फुसातील सुप्त क्षयजंतूंना मॅक्रोफेज आणि लसिकापेशींच्या वेढ्याने कोंडून ठेवलेले असते, आणि टीएनएफ अडवल्यास हा वेढा सैल होऊ शकतो. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य मानली जाते. मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते.

कोपर स्थानकाचा परिसर आणि निदानाची वेळ

आमवाताचे निदान उशिरा का होते, हे कोपरसारख्या उपनगरी स्थानकावरील सकाळ पाहिली की कळते. मध्य रेल्वेच्या दिवा आणि डोंबिवली या स्थानकांदरम्यान कोपर हे स्थानक आहे. येथे मुख्य मार्ग खालून आणि वसई–दिवा मार्ग वरून जातो, त्यामुळे गाडी बदलणाऱ्याला जिने चढावे-उतरावे लागतात. आमवाताचा ताठरपणा सकाळीच सर्वाधिक असतो. रात्रभर स्थिर राहिलेल्या सांध्यांत द्रव साचतो आणि पहाटे इंटरल्युकिन-६ ची पातळी उंचावलेली असते. लोकलने कामावर जाणाऱ्यांच्या धावपळीची वेळही तीच. मूठ वळत नाही, डब्यातील कडी धरवत नाही, जिना उतरताना तळपाय दुखतात, या तक्रारी थकव्याच्या वा वयाच्या खात्यात जमा होतात आणि महिने निघून जातात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि घर व नोकरी सांभाळणारी स्त्री दुखणे अंगावर काढते.

सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकणे, दोन्ही हातांच्या बोटांच्या बुडाशी वा मनगटांत सूज, हात दाबल्यावर कळ येणे आणि हे सारे सहा आठवडे चालू राहणे, ही आमवाताची धोक्याची चिन्हे आहेत. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या डोंबिवलीतच होतात. पुढील उपचारांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे, आणि परळच्या केईएम रुग्णालयात संधिवातशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले, तर आजार पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण तोवर पेशी आलेल्या असल्या तरी पॅनस स्थिरावलेला नसतो आणि हाडाला खाच बहुधा पडलेली नसते. वेदनाशामक गोळी त्या काळात दुखणे झाकते; पेशींचा मुक्काम ती हलवत नाही. म्हणून सांध्याची सूज सहा आठवड्यांत उतरली नाही, तर तो सांधा संधिवाततज्ज्ञाला दाखवणे हाच त्या सांध्याची हानी टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.