विद्युत् शेगडी : सुरक्षिततेचा विकास

विद्युत् प्रवाहामुळे रोधक तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेवर अन्न शिजविण्याचे साधन. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर मांडण्यात आले होते. तथापि त्या काळच्या तारा तापल्यावर ऑक्सिडीभवनाने लवकर निकामी होत. ॲल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे एकस्व १९०६ मध्ये मिळाले व टिकाऊ शेगडी तयार करणे शक्य झाले.

भाजलेल्या मातीच्या तबकडीतील खोबणीत उघडे वेटोळे बसविलेली शेगडी भारतातही रूढ झाली. भांडे वा पळी तारेला टेकल्यास, तसेच दूध उतू गेल्यास, तीत विजेचा झटका बसण्याचा धोका असतो. म्हणून भांडे ठेवताना व उतरविताना बटन बंद करणे आणि भूसंपर्कन नीट असणे आवश्यक ठरते. पुढे तार धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडाच्या भुकटीने वेढून झाकण्यात आली. १९७० नंतर काच-मृत्तिकेचे सपाट पृष्ठ प्रचारात आले. झटक्याची भीती कमी झाली, पण भाजण्याची राहिली. कारण लाली ओसरल्यावरही पृष्ठ बराच वेळ तप्त असते. प्रवर्तन शेगडीत उष्णता भांड्याच्या बुडात निर्माण होते, तरी त्याखालची काच तापतेच.

२,००० वॉटची शेगडी २३० व्होल्ट दाबाला सु. ८.७ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे तिला ६ अँपिअरची जोडणी अपुरी पडते, १६ अँपिअरची लागते. तेल पेटल्यास पाणी न टाकता वीज बंद करून भांडे झाकावे. शेगडीची रचना सुधारली, तरी सावधगिरीची जागा तिला घेता आलेली नाही.